बारावी ते पहिला पगार: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी

सीईटीचा निकाल लागला की नात्यातल्या, गावातल्या, आईच्या भिशीतल्या कोणाकोणाचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच: "कॉम्प घ्यावं, आयटी घ्यावं, की ते नवीन एआय?" मी महाराष्ट्रातूनच ही पदवी केली, पुण्यात नोकरी करतो आणि हल्ली मुलाखतीला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. माझं मत विचाराल तर शाखेच्या पाटीने फारसं काही बिघडत नाही. मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी: दाखला वेळेत हातात नसतो, पसंतीक्रम उलटसुलट भरलेला असतो, किंवा दुसरं वर्ष संपत आलं तरी स्वतः कोड लिहायची सवय लागलेली नसते. या तीन गोष्टींवर मी सविस्तर लिहिलंय, बाकीचं उरकतं घेतलंय.

राज्य सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका दरवर्षी नव्याने निघते. तारखा आणि बारीक नियम तिच्यातूनच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून नको.

१. आधी वाट ठरवा

कॉम्प्युटरकडे जायच्या तीन सरळ वाटा आहेत.

पहिली नेहमीची: बारावी सायन्स, एमएचटी-सीईटी, चार वर्षांची पदवी. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, शिवाय केमिस्ट्री किंवा पुस्तिकेतल्या यादीतला दुसरा एखादा विषय. खुल्या गटाला या विषयांत मिळून ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४० टक्के लागतात. सीईटीला भरपूर पर्सेंटाइल आणि बारावीला मात्र ४५ नाहीत म्हणून प्रवेश हुकलेली मुलं असतात, तेव्हा बोर्डाकडे पाठ फिरवू नका.

दुसरी वाट: दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. इथे सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं. ज्यांना अकरावी-बारावीचं क्लासचं वातावरण झेपत नाही किंवा परवडत नाही, त्यांना मी ही वाट बिनदिक्कत सुचवतो. ही मुलं प्रॅक्टिकलला तयार असतात. फक्त पदवीचं गणित आल्यावर दमछाक होते, तेव्हा मधल्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स घोटून या.

तिसरी: बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, पुढे एमसीए. सॉफ्टवेअरच्या नोकरीत पाच वर्षांनंतर कोण कुठल्या वाटेने आला हे कोणी विचारत नाही. मात्र बीसीएलाही २०२४ पासून सीईटी आहे, आणि त्या अर्जाची तारीख चुकवणारे दरवर्षी भेटतात.

२. कागदपत्रं: बारावीच्या दिवाळीतच

निकालानंतर सेतू केंद्रावर जी रांग लागते तिच्यात उभं राहायचं नसेल तर ही यादी आधीच लावून ठेवा:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेलं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- राखीव गटासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- लागू असेल त्यांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र
- आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांना राज्याच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जात वैधतेचा. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी, हेच कित्येक घरांत माहीत नसतं. वैधतेचा अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. त्याला वडिलांकडच्या जुन्या नोंदी लागतात: आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा कोतवाल बुकाचा उतारा असलं काहीबाही. ते शोधायलाच महिने जातात. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. पावतीवर तात्पुरता प्रवेश द्यायची सवलत काही वर्षी मिळाली आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो.

नॉन-क्रीमीलेअरची वैधता प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत हवी. जुनं प्रमाणपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यावरची तारीख वाचा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंगही एकच आहे ना तेही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेत एक आणि आधारवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, पुढे पासपोर्टपर्यंत तेच नडतं.

बेळगाव, निपाणीकडच्या वाचकांसाठी: वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे. पुस्तिकेत तो प्रकार 'ई' म्हणून दिलेला असतो.

३. सीईटी

यावर क्लासवाले तुम्हाला पुरेसं ऐकवतात, मी थोडक्यात सांगतो. फिजिक्स ५० प्रश्न, केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. मॅथ्स ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. म्हणजे २०० पैकी निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे. वेळ फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून दीड तास, मॅथ्सला दीड तास. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बारावीच्या अभ्यासक्रमावर साधारण ८० टक्के भर, अकरावीवर २०.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर तुमच्या सत्रातल्या शंभरातल्या नव्वद जणांइतके किंवा त्यांच्याहून जास्त गुण. हे आजी-आजोबांना समजावून सांगा, नाहीतर पेढे भलत्याच हिशेबाने वाटले जातात.

४. कॉलेजं बघताना

पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. शिवाय कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, नांदेडचं एसजीजीएस, पुण्याचं पीआयसीटी, अंधेरीचं एसपीआयटी. ही नावं सगळ्यांना पाठ असतात आणि तिथे मेरिटच बोलतं. खरी निवड करावी लागते ती त्याखालच्या शेकडो खासगी कॉलेजांमध्ये.

एक बदल लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांना शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. लगेच बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. जागा कागदावर एका वर्षात वाढते, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. म्हणून कॉलेजच्या संकेतस्थळावर विभागातल्या प्राध्यापकांची यादी उघडा, किती जण आहेत आणि कधीपासून आहेत ते बघा, आणि जागांच्या आकड्याशी ताडून पाहा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गेटवरच्या चहाच्या टपरीवर गाठून विचारा की लॅबला मशीनवर बसायला मिळतं का, की दोघा-तिघांत एक असतं. माहितीपत्रकात हे सापडणार नाही.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर जाऊ नका. 'सर्वोच्च पॅकेज' एका मुलाचं असतं. विचारायचं ते हे: तुकडीत मुलं किती, नोकरी लागलेली वेगवेगळी मुलं किती, आणि मधल्या मुलाचं पॅकेज किती. एकाच मुलाला तीन ऑफर आल्या की काही ठिकाणी तीन प्लेसमेंट मोजतात.

आता तो शाखेचा प्रश्न. कॉम्प्युटर, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय-डेटा सायन्स, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी. यांचे पाया घालणारे विषय बरेचसे सारखे असतात, भरतीच्या वेळी कंपन्याही बहुतेक यांना एकाच रांगेत बसवतात. चांगल्या कॉलेजातलं आयटी आणि कामचलाऊ कॉलेजातलं एआय यांत मी डोळे मिटून पहिलं घेईन.

५. पसंतीक्रम भरणे

हा टप्पा शांत डोक्याने, घरी बसून, स्वतःच्या हाताने करा. 'फॉर्म भरून देतो' म्हणणाऱ्या सल्लागाराला लॉगिन आणि पासवर्ड देऊ नका. त्याचं कुठल्या कॉलेजशी साटंलोटं आहे हे तुम्हाला कळणार नाही.

आधी मागच्या वर्षीची कटऑफ यादी वाचायला शिका. त्यात 'जीओपीईएनएच' असा कोड दिसेल. पहिला 'जी' म्हणजे सर्वसाधारण, तिथे 'एल' असेल तर मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचं अक्षर 'एच' असेल तर तुमच्याच विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, 'ओ' बाहेरच्यांसाठी, 'एस' राज्यस्तरीय. कोल्हापूरची मुलगी पुण्यातल्या कॉलेजचा 'एच'चा आकडा बघून हुरळते किंवा खचते, तिने बघायचा असतो 'ओ'चा. कॉलेजच्या शाखेचा चॉईस कोड 'टी'ने संपत असेल तर ती शिक्षण शुल्क माफीची जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर या जागा वेगळ्या ओळीत जरूर भरा, नुसता मूळ कोड भरून त्या मिळत नाहीत.

२०२५-२६ पासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या आणि आपोआप गोठवण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलीही मिळाली तरी ती पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. अर्थ असा, की वरच्या सहा ओळी 'बघू तरी काय होतंय' म्हणून भरायच्या नाहीत.

समजा एखादीने पहिल्या ओळीत सीओईपी, दुसरीत व्हीजेटीआय टाकलं आणि तिसरीत घराजवळचं एक साधं कॉलेज, 'असू दे हाताशी' म्हणून. दुसऱ्या फेरीत तेच तिसरं लागलं. आता त्याच्याहून बरं कॉलेज यादीत चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असलं आणि तिथे तिचा नंबर लागत असला तरी उपयोग नाही. खरोखर आवडतं त्या क्रमानेच भरा, आणि हाताशीची कॉलेजं तळाला. यादी ३०० पर्यंत लांबवता येते, तेव्हा तळाला जागा भरपूर असते.

सीट स्वीकारताना एक हजार रुपये भरावे लागतात. 'बेटरमेंट' (म्हणजे ही जागा धरून वरच्या पसंतीची वाट बघणं) निवडलंत आणि पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. दोन्ही हातात ठेवता येत नाहीत. आणि स्वीकृतीची मुदत बहुधा फार थोड्या दिवसांची असते. त्या काळात देवदर्शनाची सहल काढू नका.

संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागांसाठी कोणी पावतीविना रोख मागितली तर लक्षात घ्या, देणगी घेणं १९८७ च्या राज्याच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं.

६. फी आणि शिष्यवृत्ती

सगळे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांच्या आतल्या कुटुंबांना अर्धं शिक्षण शुल्क मिळतं. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न याच मर्यादेत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा.

सापळे दोन. प्रवेश कॅपमधून हवा, संस्था स्तरावर घेतलात की या सवलती जातात. आणि अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी गप्प बसलेल्यांना पूर्ण फी भरावी लागते.

७. पहिलं वर्ष

"कॉम्प्युटरला आलो आणि हे काय, ड्रॉइंग?" ही पहिल्या महिन्यातली सार्वत्रिक तक्रार. मेकॅनिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, इलेक्ट्रिकल, सगळं थोडंथोडं येतं. कुरकुर न करता काढून टाका. पहिल्या वर्षाच्या केट्या, म्हणजे सुटायचे राहिलेले विषय, पुढे भरतीच्या वेळी आडव्या येतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. पहिल्या सत्रात लेक्चर डोक्यावरून जातं, दुसऱ्यापर्यंत कान तयार होतो. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली अभियांत्रिकीची पुस्तकं फुकट आहेत, संकल्पना आधी तिथून समजून घ्या. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ पासून कॉम्प्युटरची एक तुकडी मराठीतून आहे. तरी इंग्रजी वाचायची सवय लावाच, कारण एरर मेसेज मराठीत येत नाही.

लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघा, रंगीत दिवे लागणारा गेमिंगवाला नको. घेतल्यावर त्यावर लिनक्स टाका आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिका.

८. दुसरं आणि तिसरं वर्ष: इथेच सगळं ठरतं

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. तिसऱ्या वर्षापर्यंत ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क्स. मुलाखतीतले बहुतेक प्रश्न याच पाच-सहा विषयांतून येतात. अडचण अशी की सबमिशनच्या आठवड्यात अख्खा वर्ग एकाच जर्नलवरून उतरवत असतो, आणि ओरलला बाहेरचे परीक्षक दोन प्रश्न विचारून सोडून देतात. म्हणजे काहीही न येता उत्तम गुण मिळवणं सहज शक्य आहे.

मुलाखतीला मी हमखास लिंक्ड लिस्ट (जिच्यात प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता ठेवतो ती यादी) उलटी करायला देतो. कागदावर, पेनाने. ज्याने स्वतः हे लिहिलेलं असतं तो आधी चार चौकोन काढतो, त्यांच्यात बाण काढतो आणि मग थबकतो: पहिल्याचा बाण मागे वळवला तर पुढच्या चौकोनाचा पत्ता कुठे राहिला? तो थबकला की मला निम्मं उत्तर मिळालं. मग तो पुढचा पत्ता आधी एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतो आणि त्यानंतरच बाण फिरवतो. पाठ केलेला मुलगा मात्र सरळ सात ओळी खरडतो. "यादी रिकामी असेल तर काय होईल?" विचारलं की गडबडतो. हा फरक क्लासने भरून निघत नाही. रात्री 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणत बंद पडणारा प्रोग्राम बघत बसलेल्या तासांनीच भरतो.

एआयच्या साधनांबद्दल विचाराल तर वापरा, कंपनीतही वापरावीच लागतात. पण आधी स्वतः लिहा, मग त्याला तपासायला द्या. उलट क्रमाने केलंत तर असाइनमेंट होते, तुम्हाला काही येत नाही.

एक भाषा धरा: सी++, जावा किंवा पायथन, कुठलीही. दर सत्राला नवी भाषा आणि नवं सर्टिफिकेट गोळा करणाऱ्यांना कुठल्याच भाषेत पन्नास ओळी सलग लिहिता येत नाहीत. फुकट शिकायला एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, विषय कच्चा राहिला की तिकडे जा.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका. रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट देणारी दुकानं आहेत, हे लपून राहिलेलं नाही. मुलाखतीत मात्र रेझ्युमेवरच्या त्याच प्रोजेक्टवर बोट ठेवलं जातं. "लॉगिन केलंयस ना, मग पासवर्ड टेबलमध्ये कसा साठवलास?" एवढं साधं विचारलं तरी विकतच्या प्रोजेक्टवाला गप्प होतो. त्यापेक्षा गावच्या दूध डेअरीचा किंवा काकांच्या दुकानाचा हिशेब ठेवणारं छोटंसं काहीतरी करा, जे कोणीतरी खरंच वापरतंय.

९. भरती

क्रम ठरलेला आहे: ॲप्टिट्यूड, कोडिंग, तांत्रिक मुलाखत, एचआर. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीत ६० टक्के आणि एकही शिल्लक केटी नको अशी अट घालतात.

मोठ्या सेवा कंपन्यांतलं नवख्याचं पॅकेज बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेलं आहे. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) धरलेलं असतं, म्हणून हातात येणारा पगार बाराने भागून काढू नका. ऑफर लेटरमधला बाँड वाचा: किती महिने, सोडलं तर किती रक्कम. मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ म्हणणाऱ्या कंपनीला नमस्कार करून परत या.

नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागणारा फसवतोय, एवढं पक्कं धरा. खोटा अनुभव दाखवून देणाऱ्या कन्सल्टन्सींचाही सुळसुळाट आहे. पडताळणीत पीएफचा यूएएन क्रमांक टाकला की तुम्ही कुठे कधी काम केलंत ते दिसतं, आणि मग लागलेली नोकरीही जाते.

१०. कोडिंगखेरीज

टेस्टिंग, क्लाऊड, डेटा इंजिनिअरिंग, सुरक्षा हे सगळं आहेच. पुण्यात वाहन उद्योगामुळे एम्बेडेड सॉफ्टवेअरचंही, म्हणजे यंत्राच्या आत बसणाऱ्या सॉफ्टवेअरचं, बरंच काम आहे. सी पक्की असेल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कंटाळा नसेल तर तिकडे गर्दी कमी आहे.

पहिल्या फेरीत कॅम्पस हुकलं तर सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा पदव्युत्तर डिप्लोमा जुना, खात्रीचा पर्याय. सीडॅक १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालं आणि १९९१ चा परम ८००० महासंगणक तिथलाच. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. अभ्यासक्रम दमवणारा आहे, सकाळ ते रात्र.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हे आधी जाणून घ्या: यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम एवढेच गट आहेत, कॉम्प्युटर नाही. हे शेवटच्या वर्षी कळून हिरमुसणारे खूप. तुमच्यासाठी सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची स्पेशालिस्ट आयटी ऑफिसर परीक्षा आहे, आणि गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर काही संस्थांच्या जागा. गेटला ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. गुण तीन वर्षं चालतात आणि तिसऱ्या वर्षात असतानाही बसता येतं. गेटमधून एमटेकला गेलात तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

परदेशी एमएसचा विचार असो वा नसो, पदवीनंतर विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या) दोन-तीन सीलबंद प्रती काढून ठेवा. नोकरी लागल्यावर त्यासाठी रजा टाकून विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभं राहावं लागतं, आणि जेवणाची सुट्टी नेमकी तुमचा नंबर आल्यावरच होते.